शेऱ्यांसकट

४ मार्च, सोमवार

आज तिची खुर्ची उचलली. माझ्यासमोर! दोघांनी दोन बाजूंनी धरली, काचेच्या पलीकडे नेली आणि त्या नव्या आलेल्या खटपट्याच्या टेबलाला लावली. तिनं मागोमाग पेन्सिलींचा डबा नेला, चहाचा थर्मास नेला, पाय ठेवायची ती लाकडी पेटीसुद्धा नेली. मी "जपून गं" एवढंच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नवी वही आहे, म्हणून एकदा सांगून ठेवते. गोगलगाय म्हणजे माझी वाचनातली जोडीदारीण. नाव मीच ठेवलंय, कारण तिचं सगळंच सावकाश. तीही त्याला निमूट ओ देते. आमचं काम औषधांच्या माहितीपत्रकांचं. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून असतो ना तो बारीक अक्षरांचा कागद, जो कोणी उघडत नाही—तो आम्ही दोघी वाचतो. मी मंजूर झालेल्या मूळ कागदावरून मोठ्यानं वाचते. स्वल्पविराम, कंस, टक्के, सगळं तोंडानं. आणि ती समोर बसून नव्या छपाईवर पेन्सिल फिरवत जुळवते. जोडवाचन म्हणतात ह्याला. अकरा वर्षं आम्ही एकमेकींसमोर बसलोय. नवऱ्यासमोर मी एवढी बसले नसेन.

मॅडम म्हणाल्या, "महिन्याभराचाच तर प्रश्न आहे हो!"

महिनाभर! महिनाभर दात काढून द्या म्हणाल्या तर देऊ का?

५ मार्च, मंगळवार

भानगड अशी आहे. आमचा जुना प्रोग्राम बंद पडतोय. त्यातून अकरा वर्षांच्या सगळ्या फायली बाहेर काढल्या, तर अक्षरंच नाहीत! अक्षरांच्या जागी आकडे. 'गोळी' असं नाही, तर \u0917\u094B\u0933\u0940 असं. ग चा एक, ओकाराचा एक, ळ चा एक, दीर्घ ईचा एक. पानंच्या पानं तसली, उंदरांनी कुरतडल्यासारखी. आणि महिन्याअखेर औषध कंपनीला सगळं नव्या प्रोग्राममध्ये खऱ्या अक्षरांत हवंय.

त्यासाठी हा खटपट्या आणलाय. चाळिशीचा, पुढून टक्कल, मागून वेणी. त्यानं छोटासा प्रोग्राम लिहिलाय—शंभर फायली मिनिटात. आकडे जातात, अक्षरं येतात. पुढे गोगलगाय त्या छापील पत्रकांशी जुळवणार आणि तपासपत्रावर सही करणार.

ती का? मी का नाही? विचारलंच मी मॅडमना. म्हणाल्या, "तुमचं वाचन छान आहे हो. पण त्यांची नजर बारीक आहे."

नजर बारीक! चष्म्याचा नंबर माझ्या दुप्पट आहे तिचा.

७ मार्च, गुरुवार

एकटीनं जोडवाचन केलं. म्हणजे काय केलं? मी वाचलं आणि समोरच्या भिंतीनं ऐकलं. मग तेच पत्रक मीच छपाईवर जुळवलं. तीन पानांना पूर्ण सकाळ गेली आणि घसा बसला. आधी मी "पूर्णविराम" म्हटलं की समोरून पेन्सिलीचा एक टक्क आवाज यायचा. आता मी म्हणते आणि पुढे काहीच येत नाही.

काचेतून सगळं दिसतं, हीच पंचाईत. ती हसली आज. माझ्याबरोबर ती ओठ मिटून हसते. तिथे दात दाखवून हसली. कशावर हसली असेल? आकड्यांवर?

आणि थर्मासचं झाकण! त्या झाकणात अकरा वर्षं माझा चहा असायचा. आज त्यात तो चहा पीत होता. फुंकर मारून, आवाज करून.

मी पाणी प्यायले.

८ मार्च, शुक्रवार

नवऱ्याला सांगितलं. दुरुस्तीला घेतलेलं घड्याळ उघडं टाकून मनापासून हसला. म्हणाला, "म्हणजे तुला सवत आली म्हणायची. आणि तीही पुरुष!"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

म्हणाला, "जळतेयस तू."

हो, जळतेय. वहीत लिहायला काय हरकत आहे? मी जळतेय. त्याच्या वेणीवर जळतेय, त्यानं तिच्या खुर्चीवर आणून ठेवलेल्या उशीवर जळतेय. अकरा वर्षांत मला उशी सुचली नाही त्यावरही जळतेय.

११ मार्च, सोमवार

ठरवलं, आपणही शिकायचं. सगळ्या अक्षरांच्या आकड्यांचा तक्ता छापून आणला आणि स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला चिकटवला. क ०९१५. म ०९२E. पाय मोडायचा तर ०९४D. भाजी चिरताना पाठ करते. नवरा म्हणतो, मुलांचे पाढे पाठ करून घेतानाही तू एवढं तोंड हलवत नव्हतीस.

सरावाला एक जुनी फाईल घेतली, आमच्या पहिल्या वर्षातली. मुद्दाम तळाची ओळ घेतली, कारण ती लहान असते. प्रत्येक फाईलीच्या तळाशी शेऱ्याची चौकट असते. जुळवणारीनं, म्हणजे तिनं, शेवटी काहीतरी शेरा टाकायचा असा नियम. जुन्या प्रोग्राममध्ये ती चौकट फक्त तिच्याच पडद्यावर उघडायची. मी कधी पाहिली नाही, कोणीच पाहिली नाही. शेरे कोण वाचतं?

बोटानं एकेक आकडा तक्त्यावर शोधत बसले. अर्धा तास गेला. काय निघालं? "तपासले. ठीक."

एवढ्यासाठी अर्धा तास! पण माझं मला निघालं. खटपट्याशिवाय.

१२ मार्च, मंगळवार

नव्या प्रोग्राममध्ये चढवलेल्या फायली मॅडमच्या परवानगीनं बघितल्या. अक्षरं छान आली आहेत, खोटं कशाला बोलू? पण सगळ्या शेऱ्यांच्या चौकटी रिकाम्या.

खटपट्याला गाठलं, पाण्याच्या पिंपापाशी. "शेरे कुठे गेले हो?"

तो म्हणाला, "ताईंनीच सांगितलं, शेरे गाळा म्हणून. उगाच जागा खातात म्हणाल्या." ताई म्हणजे ती. मलाही तो ताईच म्हणतो, पण मला म्हणतो तेव्हा नुसता शब्द असतो.

म्हणजे आता परस्पर ठरवायलाही लागली! अकरा वर्षांत "खिडकी उघडू का?" हेसुद्धा ती मला विचारून करायची.

१४ मार्च, गुरुवार

आज जे पाहिलं ते नीट लिहिते.

कंपनीला नमुना म्हणून पाठवायची चौदा पत्रकं तयार होऊन पडली होती. मी सहज उघडली. सहज कसली—चूक शोधायलाच उघडली! आणि सापडली. लहान मुलांच्या मात्रेची ओळ. वरची ओळ ठीक, खालची ठीक, आणि मधली नुसती बरबाद. टोपी घातलेली परकी अक्षरं, मधे कसलीकसली चिन्हं, à¤¦à¥ असलं काहीतरी. चौदाच्या चौदा पत्रकांत तीच ओळ.

पाच मिनिटं कळेना. मग कळलं आणि कानशिलं तापली.

त्या ओळी माझ्याच आहेत. फेब्रुवारीत कंपनीनं मुलांची मात्रा बदलून पाठवली होती, घाईची दुरुस्ती. तेव्हा फायली आधीच आकड्यांत गेलेल्या. गोगलगाय म्हणाली होती, "अगं, ह्यात आकडेच टाकायला हवेत ना? विचारू या का कुणाला?" आणि मी म्हटलं होतं, "माणसानं माणसासारखं लिहावं!" आणि सरळ अक्षरांत टाइप करून टाकलं. म्हणजे फाईल सगळी आकड्यांची, आणि मधे माझी एक ओळ खऱ्या अक्षरांची. खटपट्याच्या प्रोग्रामला वाटलं, तीही सोडवायची. आधीच सुटलेली ओळ पुन्हा सोडवायला घेतली आणि तिच्या चिंध्या केल्या.

तिनं हे पाहिलं कसं नाही? बारीक नजर! तपासपत्रावर सही मात्र आहे. तिची ती गोल, सावकाश सही.

सांगायला उठले. काचेपर्यंत गेले. आत ती त्याला झाकणात चहा ओतून देत होती.

परत येऊन बसले.

१५ मार्च, शुक्रवार

नमुना गेला. मी बोलले नाही.

१७ मार्च, रविवार

दिवसभर कपाटं आवरली. नवरा दोनदा म्हणाला, "काय झालंय?" मी दोनदा म्हणाले, "काही नाही." कंपनीवाले छापायच्या आधी बघतातच, कुणाच्या पोटात काही जाणार नाही. तेवढी मी वाईट नाही.

तेवढी नाही म्हणजे केवढी आहे?

१८ मार्च, सोमवार

आलं परत. चौदाच्या चौदा, वर लाल शाईत एक वाक्य. मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. खुर्च्या तीनच, म्हणून मी दाराशी उभी. मॅडम ओरडत नाहीत, आवाज खाली नेतात. ते जास्त वाईट.

"मुलांची मात्रा! दुसरी कुठली ओळ असती तर मी समजू शकले असते."

खटपट्या पडद्याकडे बघून म्हणाला, "मधे कुणीतरी हातानं अक्षरं टाकलीत. आकड्यांच्या फायलीत अशी अक्षरं असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"कुणी टाकली?"

गोगलगायीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला वाटलं, झालं, आता सांगणार. पण ती म्हणाली, "आमच्याच टेबलावरून झालं असेल. आणि सही माझी आहे. मी बघायला हवं होतं. त्या दिवशी मी शेऱ्यांच्या नादात होते, नमुना घाईनं पाहिला."

'आमच्या' म्हणाली. 'तिच्या' नाही म्हणाली. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी दाराची कडी चाचपत राहिले. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी एक बारीकसा आनंदही होता. कसली बाई आहे मी!

१९ मार्च, मंगळवार

मॅडमच्या खोलीत गेले. खरं सांगायला गेले होते, देवाशप्पथ. पण त्यांनीच आधी विचारलं, "तुमचं काय मत आहे? तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंय."

माझं मत! अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मग मी सुटलेच. म्हटलं, सगळ्या फायली पहिल्यापासून परत करा. मूळ आकड्यांवरून. आणि काही गाळायचं नाही—ह्या लोकांनी शेरे परस्पर उडवलेत, तुम्हाला माहीत तरी आहे का?

मॅडमना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. "शेरे? ते तर कंपनी खास मागतेय. त्यांच्या नव्या पडद्यावर प्रत्येक पत्रकाशेजारी शेरा दिसणार आहे."

"मग बघा," मी म्हटलं.

माझ्या ओळींचं राहूनच गेलं.

२० मार्च, बुधवार

काम माझ्याकडे आलं! खटपट्याच्या शेजारी आता मी. मॅडमनी गोगलगायीला तळमजल्यावर पाठवलं, जुन्या छापील प्रतींचे गठ्ठे लावायला. म्हणजे मला ती परत मिळायची होती आणि मिळाली तिची खुर्ची. उशीसकट. उशी मी खाली ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात आली. हाताला धूळ, कपाळावर धुळीचं बोट. मला वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं!

"एवढं एक ऐक माझं. शेरे राहू देत बाजूला. हवं तर मॅडमना सांग, मीच गाळायला लावले. पण तू ते पुढे पाठवू नकोस."

"का? काय लपवायचंय तुला?"

"काही नाही."

"मग राहिले तर तुझं काय जातं?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "अगं, माझं नाही काही जात."

मी म्हटलं, "त्यानं शिकवलेलं दिसतंय हे बोलायला." का म्हटलं? त्याचा काय संबंध होता? पण तोंडातून गेलं. ती खाली गेली, एकेक पायरी, तिच्या नेहमीच्या चालीनं.

संध्याकाळी शांत डोक्यानं विचार केला. शेऱ्यात काय असणार? मी स्वतः सोडवून बघितलाय—तपासले, ठीक. पुढेपुढे कंटाळा केला असेल, चौकटी कोऱ्या सोडल्या असतील, म्हणून लाज वाटत असेल. वाटू दे.

२१ मार्च, गुरुवार

खटपट्यानं प्रोग्राम सुधारला. आता तिरकी रेघ, u आणि पुढे चार आकडे, असं दिसलं तरच हात लावायचा, बाकी जसं असेल तसं सोडायचं. माझ्या चौदा ओळी जशाच्या तशा आल्या. सुरेख! मी छापील प्रतींशी मात्रा जुळवल्या, दोनदा. शेरे जुळवायचा प्रश्नच नव्हता, त्यांची छापील प्रत नसते.

माणूस वाईट नाही तो. मला चहा विचारला. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "ताई तुमच्याबद्दल फार बोलायच्या हो."

"काय बोलायच्या?"

"तुमचा आवाज. म्हणायच्या, तो आवाज ऐकला की औषधाचा कागदसुद्धा गोष्टीसारखा वाटतो."

त्यानंतर एक तास मला एक अक्षर दिसेना.

२२ मार्च, शुक्रवार

सगळं गेलं. दोन हजार एकशे सहा फायली, मॅडमना आणि कंपनीला. पाठवायच्या आधी खटपट्या घुटमळला. "शेरे एकदा नजरेखालून घालता का?"

साडेचार वाजले होते. म्हटलं, "जसंच्या तसं म्हणजे जसंच्या तसं. दाबा बटण." आणि त्यानं दाबलं.

मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "शाब्बास!" सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी तळमजल्याकडे बघितलं नाही.

सोमवारी तिला सांगायचं ठरवलंय. त्या चौदा ओळींचं, दाराशी गप्प उभी राहिले त्याचं, सगळंच. मग मॅडमना सांगायचं. आणि मागून घ्यायची ती परत. टेबल तेच आहे, फक्त खुर्ची आणायची.

२५ मार्च, सोमवार

ती आली नाही. रजा टाकलीय. खालच्या खोलीत गठ्ठे वर्षांप्रमाणे नीट लावलेले, प्रत्येकाला सुतळी.

आता उद्या.

२६ मार्च, मंगळवार

आजही रजा. हाताला काम नव्हतं, म्हणून शेरे उघडले.

पहिली दोन वर्षं तपासले, ठीक. तिसऱ्या वर्षापासून: "वाचताना एक ओळ सुटली. मूळ कागदावरून जुळवले." "दिवसातून दोनदा असे आहे, तीनदा वाचले गेले. मूळ कागदावरून जुळवले." "पान चार वाचायचे राहिले." आधी महिन्यातून एखादा. मग आठवड्याला. गेल्या वर्षी जवळजवळ रोज. नाव कुठेच नाही, पण वाचणारी एकच होती. चारशे एकोणीसपर्यंत मोजले, पुढे मोजवेना.

मॅडमच्या पडद्यावरही तेच उघडलंय. काचेतून दिसतंय, त्या खाली खाली सरकवताहेत.

शेवटचा शेरा जानेवारीतला आहे. "ह्या चौकटीत लिहिलेले कुणी वाचत असेल तर विनंती, वाचणारी बदलू नये. तिला मोठ्याने वाचायला फार आवडते. ती घरी गेल्यावर प्रत्येक पत्रक मी पुन्हा पहिल्यापासून वाचते, काळजी नसावी."